नवव्या खुंटीचं वळण

"साहेब, खुंटी थडग्यात जाता," भिवा मुकादम म्हणाला. त्याने घण खाली ठेवला आणि सरळ बिडी पेटवली. थडग्यात खुंटी मारायची की नाही ते साहेबाने ठरवावं, तोवर आपण मोकळे.

मी प्लॅन उघडून पाहिला. आठ खुंट्या बरोबर बसल्या होत्या. नववी किरिस्तांववाडीच्या सिमिटरीत, कंपाउंडच्या आत चांगली सात फूट जात होती. तिथे मातीचा लांबट उंचवटा, कडेने चुना, डोक्याशी लाकडी क्रूस. त्याच्या रांगेत आणखी आठ. म्हणजे रस्ता सरळ न्यायचा तर नऊ थडगी हलवायची.

ऐंशीनंतरची गोष्ट. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि सगळे रस्ते एकदम रुंद करायची टूम निघाली होती. मी ज्युनियर इंजिनियर, म्हणजे जेई. वय अठ्ठावीस. कुडाळचा माणूस, घरात मालवणी, पण खात्याला चिकटल्यापासून ऑफिसची मराठी बोलायला लागलेला. ती बोललं की आपण उंच झाल्यासारखं वाटायचं. मालवणकडे जाणाऱ्या एका आडरस्त्याचा पाच मैलांचा तुकडा माझ्याकडे होता. पुढे मी पूल बांधले, मोऱ्या बांधल्या, रिटायर झालो. त्यातलं काही आठवून झोप उडत नाही. त्या पाच मैलांतलं हे एक वळण मात्र मला सोडत नाही, म्हणून लिहितोय.

दोन शब्द आधी सांगतो. अलाइनमेंट म्हणजे रस्त्याची मधली रेघ. ती जिथून जाईल तिथून रस्ता जाणार. आणि साइट डिस्टन्स म्हणजे गाडीवाल्याला पुढचं किती लांबपर्यंत दिसतं ते. जुना रस्ता सिमिटरीच्या पुरुषभर उंच भिंतीला वळसा घालून जायचा. पलीकडून काय येतंय ते भिंत संपेपर्यंत कळत नसे. दिवसाला चार एस्ट्या नि पाच-सहा बैलगाड्या होत्या तोवर चाललं. आता चिऱ्यांचे ट्रक सुरू झाले होते. चिरे म्हणजे आमच्याकडचे जांभ्या दगडाचे ठोकळे. भरलेला ट्रक उतारावर ब्रेक मारून लगेच थांबत नाही. म्हणून तर रस्ता सरळ करायचा होता. आमच्या कामाचा मूळ हेतूच तो.

मी ऑफिसात जाऊन शेवाळे साहेबांना सांगितलं. ते आमचे डेप्युटी इंजिनियर. घाटावरचे, बोलायला तुटक.

"थडगी कोणाची?"

"ख्रिश्चनांची, साहेब."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं साहेब. ऐकायलाच तयार नाहीत."

विचारलं नव्हतं. वाडीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. आता कोणी म्हणेल, का रे बाबा, तोंड शिवलं होतं का तुझं? तर सांगतो. आमच्यात माणूस गेला की अग्नी देऊन मोकळे होतात. त्यामुळे पुरलेलं माणूस म्हणजे कायमचं पुरलेलं, त्याला हात लावणं म्हणजे महापाप, अशी माझी ठाम समजूत. कुठल्या तोंडाने जाऊन म्हणायचं की तुमच्या बापाला उकरू का? लोक दगड घेऊन मागे लागतील असं वाटलं. खोटं कशाला बोलू, थडग्यांची भीतीही वाटत होती.

"मग लिहा फाईलवर," साहेब म्हणाले. "तीव्र विरोध. वळवून घ्या रस्ता."

"पण वळण फार आवळ होईल साहेब. रेडियस बसत नाही."

"बोर्ड लावा. मार्च तोंडावर आलाय."

मी टेबलाशी बसलो आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर ठिकाणी स्थानिकांचा तीव्र विरोध असल्याने अलाइनमेंट बदलणे क्रमप्राप्त आहे.' क्रमप्राप्त हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. आठवड्यात सँक्शन आलं.

नव्या रेघेची दोरी ताणत होतो तेव्हा वाडीतून एक बाई आली. साठीची असेल. गुडघ्याखाली येणारा फुलांचा झगा, डोक्याला पांढरा रुमाल, हातात पाण्याची कळशी. भिवाने ओळख करून दिली, कार्मेलीनबाय. रोज सकाळी सायकलवर पाव विकत फिरणारा पास्कू तिचा मुलगा. घरात ती दोघंच.

"काय रे बाबा, दोरी वाकडी कित्याक ताणतंस?" तिने विचारलं.

मी ऑफिसची मराठी काढली. "रस्ता या बाजूने वळवतोय, बाई. तुमच्या माणसांच्या जागेला धक्का लागू नये म्हणून."

"खंयच्या माणसांच्या?"

मी सिमिटरीकडे बोट केलं. ती हसायलाच लागली. कळशी खाली ठेवून हसली.

"आवय गे! तेंच्यासाठी? अरे, तो बघ कडेक आसा, तो माझो घोव, जुझे. पाच वर्सां झाली. जागा लागली काय तेका काढतलेच. आमच्यात रिवाजच तसो."

घोव म्हणजे नवरा. मग तिने मला सगळं समजावलं, एखाद्या पोराला समजवावं तसं. सिमिटरी मूठभर, वाडी जुनी. कोणी वारलं आणि जागा लागली की तीन-चार वर्षांपूर्वीचं थडगं उघडतात. हाडं गोळा करतात, पांढऱ्या कपड्यात बांधतात, मागच्या भिंतीतल्या खणात ठेवतात. फादर प्रार्थना म्हणतात. कोणी रडत नाही, कोणी घाबरत नाही.

"म्हणजे थडगं कायमचं नसतं?" मी विचारलं.

"हय कायमचा काय आसता? तेका थोड्या दिसांसाठी निजयलो आसा. शेवटच्या दिसाक देव हाक मारतलो, तेवा तो खणात आसांदे नायतर मातयेत, उठतलोच. देवाक हाडां सोदूक तुझो प्लॅन लागना नाय."

भिवा बिडीचा धूर सोडत खोखो हसला. मला राग आला, पण तिचं बोलणं ऐकावंसंही वाटत होतं. माझी ऑफिसची मराठी कुठे गळाली कोण जाणे.

"तुमका खरांच वाटता, परत भेटतलो म्हणान?"

"वाटता म्हणजे? माका ठावक आसा. लोकां सूख सूख करीत मुंबयक धावतत, आखातात धावतत. माझा सूख इतक्याच, तीन ताटां एका वक्ताक मांडूची. जुझे गेलो नि दोन ताटां रवली. वर गेल्यार परत तीन मांडूची आसत. तवसर मी नि पास्कू." मग तिने दोरीकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. "पण बाबा, मेलेलो उठतलो. हय वळणार जितो माणूस पडलो तर तेच्या घरच्यांनी काय करूचा? पास्कू दिसाक दोनदा हयसून जाता."

मी म्हणालो, "बघतो."

सरकारी माणसाचं 'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तिला नव्हतं. ती म्हणाली, "पाद्रीबाबाक सांगान कागद देतंय," आणि आम्हा सगळ्यांना पाणी पाजून गेली.

चार दिवसांनी पास्कू माझ्याकडे आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, म्हणजे माझ्याच वयाचा. सायकलच्या मागे पावाची मोठी टोपली, हँडलला रबरी भोंगा. खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने माझ्या हातात दिला.

"आवशीन धाडल्यान. पाद्रीबाबाचो कागद. आनी हे पाव घेवा, गरम आसत तवसर खावा."

कागदावर दोनच ओळी होत्या. रस्त्याच्या कामासाठी नऊ थडगी हलवण्यास आमची हरकत नाही. आठ दिवस आधी कळवावे. खाली फादरची सही.

पाव खरंच गरम होते. मी दोन खाल्ले आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

तेव्हा सोलिंगसुद्धा पडलं नव्हतं. सोलिंग म्हणजे रस्त्याखालचा मोठ्या दगडांचा थर. तो पडेपर्यंत रेघ हलवता येते, नंतर सगळं कठीण. म्हणजे वेळ होता. फक्त शेवाळे साहेबांपुढे जाऊन म्हणायचं होतं, "साहेब, तीव्र विरोध वगैरे काही नाही, मी खोटं लिहिलं." प्रमोशनच्या यादीत माझं नाव चाललं होतं. आपल्या सुखाची किल्ली त्या यादीत आहे अशी माझी खात्री. डेप्युटी झालो की जीप मिळेल, जीप मिळाली की लोक वळून बघतील. यापलीकडे सुखाबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

पंधरा दिवसांनी पास्कूने सायकल थांबवून विचारलं, "साहेब, त्या कागदाचा काय झाला?"

"वर पाठवलाय."

"बरा झाला," तो म्हणाला. आणि गेला भोंगा वाजवत. माझ्या शब्दावर त्याने जराही शंका घेतली नाही.

रस्ता झाला. बाकीचा तुकडा इतका देखणा झाला की एस्टीचे ड्रायव्हर माझं नाव काढायचे. आणि तिथेच घात होता. आधी खड्ड्यांमुळे सगळे सावकाश यायचे. आता मैलभर सुसाट यायचं आणि एकदम माझं वळण पुढ्यात. भिंतीला लागून, पूर्वीपेक्षाही आवळ. मी पिवळाकाळा बोर्ड लावला, 'धोक्याचे वळण, वाहने सावकाश हाका'. पास्कू तिथे आला की भोंगा दाबूनच धरायचा. लांबून ऐकू यायचं. भिवा म्हणायचा, "बघा साहेब, तुमच्या वळणाक सलाम ठोकता."

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर एका सकाळी भिवा सायकल हाणत ऑफिसात आला. घामाने निथळत होता. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"साहेब, आपल्या वळणार... पास्कू."

'आपल्या' म्हणाला तो. मी पोचलो तेव्हा चिऱ्यांचा ट्रक भिंतीला टेकून तिरका उभा होता. ड्रायव्हर रस्त्यातच खाली बसला होता. "भोंगा ऐकला साहेब, पण दिसला नाही ओ, दिसलाच नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. पास्कूवर कोणीतरी धोतर टाकलं होतं. पाव रस्ताभर पडले होते. त्या डांबराचा फूट अन् फूट मी मोजून घेतला होता आणि आता तिथे पाय ठेवायची हिंमत होत नव्हती.

पोलिसांनी पंचनाम्यात ड्रायव्हरचा निष्काळजीपणा लिहिला. रस्त्याबद्दल मला कोणी एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दफन. मी गेलो. लोकांच्या मागे उभा राहिलो. जागा लागली होती, म्हणून जुझेचं थडगं उघडत होते. वाडीतल्या दोघांनी हलक्या हाताने माती काढली. कार्मेलीनबाय कडेला गुडघ्यांवर बसली होती, मांडीवर धुतलेला पांढरा कपडा पसरून. खालून एकेक हाड वर यायचं, ती दोन्ही हातांनी घ्यायची, माती पुसायची आणि कपड्यात ठेवायची. फादर पुस्तकातून वाचत होते. शेवटी तिने कपड्याची गाठ मारली, गाठोडं क्षणभर छातीशी धरलं आणि एका म्हाताऱ्याने ते नेऊन मागच्या खणात ठेवलं.

सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली. अर्धा तासही झाला नव्हता. म्हणजे नऊ थडगी, फार तर एक दिवस. फाईलवर मी जे अशक्य लिहिलं होतं ते एका दिवसाचं काम होतं. 

मग बापाच्या जागी मुलाला ठेवलं.

लोक पांगल्यावर मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. 

"बाय, तो कागद मी वर पाठवलाच नाय. माझ्या ड्रॉवरात आसा."

तिने मान वर केली.  मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पास्कू म्हणा होतो, साहेबान वर पाठयल्यान."

"पाठवला नव्हता."

"कित्याक?"

 प्रमोशनसाठी म्हणून सांगायचं का तिला? मी उभा राहून रडलो. इतक्या लोकांनी बांधलेला रस्ता, इतके शिक्के, इतक्या सह्या, आणि तिच्या पोराच्या मरणाचं कारण काय, तर मला लाज वाटत होती.

"तो उठतलो," ती शेवटी म्हणाली. "जुझेय उठतलो. माझो भरवसो तू मोडूक शकना नाय. पण तो शेवटच्या दिसाचो. आज घराक जावन मी एकच ताट मांडूचा आसा. उद्याय एकच. हे मधले दीस कोण काढतलो रे बाबा?"

 

दुसऱ्या दिवशी मी फादरचा कागद काढला, त्याला नवं टिपण जोडलं. विरोध नव्हता, मी चौकशी न करता लिहिलं होतं, हा त्यांचा कागद, रस्ता सरळ करावा. शेवाळे साहेबांनी वाचलं आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"वेडे झालात? कागदावरची तारीख बघितलीत? अपघाताच्या आधीची."

"बघितली साहेब."

"फाडा हे. मेलेल्यासाठी स्वतःची सर्व्हिस घालवता?"

"फाडत नाही साहेब."

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. "मग मी तुम्हाला वाचवू शकत नाही," म्हणाले, आणि ते खरं होतं. मला मेमो आला, चौकशी झाली, यादीतून नाव गेलं. कोणाला यात माझा मोठेपणा दिसत असेल तर कृपा करून बघू नका. पास्कू मेल्यावर खरं बोललो. तो जिवंत असताना बोललो असतो तर आज सत्तरी गाठत आला असता.

रस्त्याकडच्या भिंतीचं मात्र फादरना विचारलं, लगेच. नजरेच्या आड येतेय, कंबरेइतकी उतरवू का? "उतरवा की," ते म्हणाले. दोन दिवसांत उतरवली. एवढंही आधी सुचलं नव्हतं, कारण विचारायलाच गेलो नव्हतो.

मग रस्ता सरळ करायचं सँक्शन आलं. या वेळी मी कार्मेलीनबायच्या दारात गेलो. ती पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. मूठभरच तांदूळ होते सुपात.

"बाय, रस्तो सरळ करूचो आसा. थडगी हलवूक व्हयी."

"बाकीची हलय," ती म्हणाली. "माझो पास्कू नाय. तेची माती ओली आसा. आता तेका हात लावशीत तर मी आडवी पडान."

रिवाजच तसा. तीन-चार वर्षं तरी माणसाला मातीत निवांत राहू द्यायचं. आणि पास्कूचं थडगं बरोबर नवव्या खुंटीवर. मी ऑफिसात आलो, फाईल उघडली आणि लिहिलं, 'सदर ठिकाणी स्थानिकांचा तीव्र विरोध असल्याने काम तूर्त स्थगित ठेवावे.' तेच वाक्य. पहिल्यांदा खोटं होतं, तेव्हा रस्ता सरळ करता आला असता.

चार वर्षं ते वळण तसंच राहिलं. ट्रकांच्या वेळेला मी तिथे लाल बावटा घेऊन माणूस उभा केला. प्रमोशन अडल्यामुळे मीही त्याच तुकड्यावर होतो. येताजाता तिच्याकडे थांबायचो. ती कधी चहा द्यायची, कधी नुसतीच बघायची. "क्षमा करतंय" असं ती मला कधी म्हणाली नाही आणि मी कधी मागितली नाही.

एका नोव्हेंबरात, त्यांचा मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस झाल्यावर, तिने भिवाकडून निरोप पाठवला. मी गेलो. बाकीची आठ आधीच हलवून झाली होती; आता पास्कूचं थडगं उघडलं. या वेळी तिला खाली बसता येईना, म्हणून कपड्याचं एक टोक तिच्या हातात आणि दुसरं माझ्या. गाठोडं बांधून झालं. ते खणात, जुझेच्या शेजारी ठेवलं. तिने दोन्ही गाठोड्यांवरून हात फिरवला.

"दोगय बसले," ती म्हणाली. "आता माझाच ताट मांडूचा रवला."

मग बाहेर येऊन तिने रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मार आता तुझी खुंटी."

भिवाने घण माझ्याकडे दिला. तो रडत होता. नववी खुंटी मी माझ्या हाताने मारली.

आज तिथून गाडी सरळ जाते. इथे वळण होतं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कार्मेलीनबायही आता त्याच खणात आहे. मला तिच्यासारखा भरवसा नाही, पण तिचा खरा ठरावा असं मनापासून वाटतं. तीन ताटं मांडली जावीत.

नवे जेई कधी भेटायला येतात, चार गोष्टी सांगा म्हणतात. मी एकच सांगतो. 'स्थानिकांचा विरोध' असं लिहायच्या आधी स्थानिकांचं दार वाजवा. दार वाजवायला मिनिट लागतं. ते हसतात, वहीत लिहूनही घेतात. पास्कूचं मी त्यांना सांगत नाही.